शब्द बदलून बदलून थकलो तरी प्रोजेक्टची सिमिलॅरिटी कमी होत नाही: गडबड कुठे आहे आणि काय करायचं

प्रॉब्लेम सगळ्यांचा सारखाच असतो. पोरगं प्रोजेक्ट घेऊन येतं, सॉफ्टवेअरवर चेकला टाकला की सिमिलॅरिटी, म्हणजे दुसरीकडच्या मजकुराशी जुळणारा भाग, पन्नास-पंचावन्न टक्के. परत पाठवला, आठवड्याने बेचाळीस. परत पाठवला, अडतीस. मग तो वैतागतो आणि म्हणतो, "सर, सगये शब्द बदलले ना मी, आता अजून काय बदलू भो?" आणि खरं सांगायचं तर शब्द बदललेलेच असतात, पोरगं खोटं बोलत नसतं, रात्र रात्र बसून बदललेले असतात. तरी आकडा तिथेच.

मी जळगाव जिल्ह्यात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, इंग्रजी शिकवतो, कंपोझिशनचा पेपर माझ्याकडे आहे आणि रिसर्च प्रोजेक्टचं गाइड कोणी व्हायचं हा प्रश्न आला की माझ्याकडेच बोट दाखवतात, त्यामुळे इंग्रजीवाल्यांचे पण बघतो आणि मराठीवाल्यांचे पण. दर सेमिस्टरला हेच चालू असतं म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

आधी निदान सांगतो. रिपेअर चुकीच्या जागी चाललंय. तुम्ही तयार झालेला चॅप्टर उघडता आणि त्यातली रिपोर्टने लाल-पिवळी केलेली वाक्यं बदलत बसता, पण ती वाक्यं चॅप्टरमध्ये आली कुठून? नोट्समधून. नोट्सची फाइल उघडून बघा, नव्वद टक्के पोरांकडे नोट्स म्हणजे वेबसाइटवरून उचललेले पॅरेग्राफ एकाखाली एक, कोणाचं कुठलं पान याचा पत्ता नाही, कोटेशन मार्क नाही, मधेच स्वतःची दोन वाक्यं, तीही कुठली ते आता स्वतःलाच ओळखू येत नाहीत. त्या फाइलवरून लिहायला बसलात की दुसऱ्याची वाक्यं समोरच असतात, मग हात आपोआप तसाच चालतो.

कसं होतं ते दाखवतो. विषय धरा आपल्याकडचीच फड पद्धत, पांझरेवरची, शेताला पाटाने पाणी द्यायची जुनी पद्धत. हे वाक्य मी बनवलंय, पुस्तकात शोधत बसू नका:

"पांझरा नदीवर ठिकठिकाणी बंधारे बांधून पाणी पाटाने शेतात नेले जाई व लाभक्षेत्राचे फड पाडून प्रत्येक फडात एकच पीक घेतले जाई."

आता पोराने "बदललेलं":

"पांझरा सरितेवर जागोजागी बांध घालून जल कालव्याद्वारे शेतामध्ये नेण्यात येत असे आणि लाभक्षेत्राचे फड करून प्रत्येक फडामध्ये एकच पीक घेण्यात येत असे."

नदीची सरिता केली, पाण्याचं जल केलं. धुळ्यात कोण म्हणतं रे सरिता? वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा आहे, क्रम तोच, आधी बंधारा मग पाट मग फड मग पीक, जोडणारे शब्द त्याच जागी. सॉफ्टवेअर जुळणारे तुकडे शोधतं, ते त्याला मधेमधे सापडतातच, आणि समजा नाही सापडले तरी वाचणाऱ्या माणसाला पहिल्या ओळीतच कळतं की हे वाक्य कोणाच्या तरी वाक्यावर कलम केलेलं आहे.

आणि हे तिसरं, पुस्तक बंद करून लिहिलेलं:

"फडात काय पेरायचं हे एकट्या शेतकऱ्याच्या हातात नव्हतं. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, म्हणून पाण्याची गरजही सगळ्यांना साधारण एकाच वेळी लागायची आणि पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला पाळी लावणं सोपं जायचं."

आणि याच्या शेवटी ज्याच्याकडून घेतलं त्याचं आडनाव आणि पान. यात सिमिलॅरिटी नाही हा भाग वेगळाच, पण बघा, यात एक मुद्दा आलाय. पहिल्या दोन वाक्यांत फक्त माहिती होती. इथे लिहिणाऱ्याने विचार केला की एकच पीक का, आणि तेवढ्याने वाक्य आपोआप वेगळं झालं, मुद्दाम काही बदलावं लागलं नाही.

तर मग नोट्स कशा घ्यायच्या. वही घ्या नाहीतर गुगल डॉक, पानाचे दोन भाग करा. डावीकडे मूळ वाक्य जसंच्या तसं, कोटेशन मार्कमध्ये, आणि लगेच लेखक, वर्ष, पान नंबर. लगेच म्हणजे लगेच, नंतर टाकू म्हणणाऱ्याने आजपर्यंत कधी टाकलेलं मी बघितलं नाही. उजवीकडे तुमचं. आणि उजवीकडचं लिहिताना पुस्तक बंद, टॅब बंद. आठवत नसेल तर परत वाचा, परत बंद करा. उघडं ठेवून लिहिलं की सरिता येणारच.

यात आपल्या भागातल्या पोरांना एक फायदा आहे जो ते वापरतच नाहीत. घरी अहिराणी नाहीतर तावडी बोलता ना? मग वाचलेला पॅरेग्राफ शेजारच्या दोस्ताला घरच्या भाषेत सांगा, तोंडी. अहिराणीत सांगताना "नेण्यात येत असे" म्हणताच येत नाही, ते वाक्य मोडावंच लागतं, आणि जे तुम्हाला समजलंच नाही ते सांगता येत नाही हे पण तिथेच कळतं. सांगून झालं की मग प्रमाण मराठीत लिहा, नाहीतर इंग्रजीत. वर्गात हे करायला लावलं की पहिले पाच मिनिटं नुसती हसाहशी होते, पण त्यानंतर जे लिहून येतं ते बऱ्यापैकी स्वतःचं असतं. गावाकडचं बोलायला लाज वाटणारे काही असतातच, त्यांनी मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून स्वतःच ऐका, कोणाला कळत नाही.

आता इंग्रजीत लिहिणाऱ्यांचं. इथे तर साखळीच असते, मराठी वेबसाइटवरचं उचललं, गुगल ट्रान्सलेटमध्ये टाकलं, तिथून वाक्यं फिरवून देणाऱ्या क्विलबॉटमध्ये, तिथून वर्डमध्ये. आकडा खाली येतो हे मान्य. पण बाहेर काय पडतं ते वाचलंय का कधी? २०२१ मध्ये गियोम कबानाक या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलेल्या रिसर्च पेपरांत असली वाक्यं पकडली, आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं "काउंटरफिट कॉन्शसनेस" झालेलं, ब्रेस्ट कॅन्सरचं "बूझम पेरिल". टॉर्चर्ड फ्रेजेस असं नावच दिलं त्यांनी. हे भल्याभल्या जर्नलांत छापून आलेलं होतं, तर तुमच्या प्रोजेक्टमध्ये केळीच्या घडाचं काय होईल याचा विचार करा. व्हायव्हाला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, एका शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारतात आणि पोरगं माझ्याकडे बघतं, मी पंख्याकडे.

चॅटजीपीटीचं पण तसंच. विषय समजून घ्यायला, प्रश्न काढायला, व्याकरण बघायला वापरा, कॉलेजची परवानगी असेल तेवढं, आणि वापरलं तर सांगा. पण त्याने दिलेले संदर्भ डोळे झाकून सूचीत टाकू नका, ते अस्तित्वात नसलेले पेपर अगदी खऱ्यासारखे लिहून देतं, लेखक, वर्ष, जर्नल, सगळं. तपासायचं कसं तर शीर्षक गुगल स्कॉलरला टाका, डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळख नंबर, असेल तर तो उघडून बघा. सापडलं नाही तर काढून टाका, "असेल कुठेतरी" चालत नाही.

दुसरं कारण विषय. खरं तर हेच मोठं कारण आहे पण विषय मंजूर झालेला असतो म्हणून कोणी ऐकून घेत नाही. "जळगाव जिल्ह्यातील केळी उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या: एक चिकित्सक अभ्यास." हे "एक चिकित्सक अभ्यास" एकदा बंद व्हायला पाहिजे कुठेतरी. एवढ्या मोठ्या विषयावर तुमच्याकडे स्वतःचं सांगण्यासारखं काय असणार? काहीच नाही, आणि चाळीस पानं तर भरायची आहेत, मग केळीचा इतिहास, केळीचे पोषणमूल्य, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, सगळं इकडून तिकडून. कॉपी करायची इच्छा नसली तरी विषयच करायला लावतो.

हाच विषय बारीक करा. रावेर किंवा यावल तालुक्यातलं तुमचं एक गाव घ्या. हवामान आधारित फळपीक विम्यात केळीला भरपाई तापमान आणि वाऱ्याच्या निकषांवर ठरते आणि ते मोजमाप शेतात नाही, हवामान केंद्रावर होतं. मग प्रश्न असा की गावातल्या शेतकऱ्यांना आपलं केंद्र कुठे आहे हे माहीत आहे का, आणि केंद्रावरचा आकडा आणि शेतातला अनुभव यात फरक पडला तेव्हा त्यांनी काय केलं. पंधरा-वीस घरं फिरलात की जे हातात येईल ते जगात कोणाकडे नाही, त्याची सिमिलॅरिटी कशाशी येणार?

मराठीवाल्यांचं बहिणाबाई. दरवर्षी "बहिणाबाईंच्या कवितेतील स्त्रीजीवन". पहिलं पान सगळ्यांचं एकच, जन्म १८८० आसोदे, मृत्यू १९५१, अक्षरओळख नव्हती, मुलगा सोपानदेवांनी आणि सोपानदेवांच्या मावसभावाने कविता उतरवून घेतल्या. ही माहिती कोणाच्या मालकीची नाही, पण तुम्ही ती दोन पानं ताणली आणि दुसऱ्याच्या वाक्यांत ताणली म्हणून लाल होते. दोन ओळींत संपवा आणि पुढे जा. त्यापेक्षा असं काही बघा की त्यांच्या कवितेत शेतातल्या आणि घरातल्या कुठल्या अवजारांची नावं येतात आणि आज आसोद्यातल्या नाहीतर तुमच्या गावातल्या विशीतल्या पोरांना त्यातली किती ओळखता येतात. यादी घेऊन बसस्टँडवर उभे राहिलात तरी डेटा गोळा होतो.

"सर, पण माहितीच मिळत नाही." मिळते, पण तुम्ही शोधता पहिल्या पानावरच्या तीन वेबसाइटवर. आणि खान्देशाबाबत शोधण्यात एक वेगळी गोची आहे. खान्देश हा ब्रिटिश काळात एकच मोठा जिल्हा होता, १९०६ मध्ये त्याचे पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश झाले, पुढे पूर्वचा जळगाव आणि पश्चिमचा धुळे, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. म्हणजे १९३० सालचं काही हवं असेल आणि तुम्ही "जळगाव जिल्हा" टाकून शोधलं तर हाती काही लागत नाही, पूर्व खान्देश टाकावं लागतं. जुन्या इंग्रजी कागदांत धुळ्याचं स्पेलिंग धुलिया आहे. बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या गॅझेटियरचा बारावा खंड पूर्ण खान्देशावर आहे, १८८० चा, ऑनलाइन फुकट मिळतो, पण त्यात नावांवर जुन्या पद्धतीच्या खुणा आहेत आणि स्कॅन केलेलं असल्याने सर्चला बरेच शब्द सापडत नाहीत, तर अनुक्रमणिका बघून पानं उलटा. तेवढं करावं लागेल, इलाज नाही.

याच्यातून अजून एक चूक होते जी सिमिलॅरिटीची नाही पण मार्क कापते. १९९१ च्या जनगणनेतला धुळे जिल्हा आणि २०११ चा धुळे जिल्हा एक नाहीत. पहिल्यात नंदुरबार आहे, दुसऱ्यात नाही. पोरं दोन्ही आकडे शेजारी ठेवतात आणि लिहितात की धुळे जिल्ह्यातील आदिवासी लोकसंख्येत लक्षणीय घट झाली. घट कसली, अक्कलकुवा-धडगाव सगळं तिकडे गेलं ना!

शोधगंगा वापरा, इन्फ्लिबनेटवाल्यांचं आहे, देशभरातले पीएचडीचे प्रबंध आहेत तिथे, आपल्या उमवि म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे पण. पण वापरा म्हणजे प्रबंधातलं दुसरं प्रकरण उचला असं नाही. प्रबंधाच्या मागची संदर्भसूची बघा, तिथून मूळ पुस्तकं आणि लेख कळतात, मग ते मिळवा. धुळ्याजवळ असाल तर राजवाडे संशोधन मंडळात एकदा जाऊन या, आणि कॉलेजच्या लायब्ररीत ग्रंथपालांना विचारा, त्यांना कोणी काही विचारतच नाही हल्ली, खूश होऊन शोधून देतात.

मुलाखती घेतल्या असतील तर त्यांचं काय करायचं हे हमखास विचारतात. गाव, तारीख, कोणाची, आणि त्यांना विचारून घेतली ना, एवढं नोंदवा, नाव द्यायचं नसेल तर "शेतकरी, वय अमुक, साक्री तालुका" असं द्या. आणि माणूस जे बोलला ते त्याच्याच बोलीत उतरवा. समजा आजोबा म्हणाले, "धरन व्हयनं, मंग पाटकरीले कोन इचारस?" तर हे असंच लिहा आणि खाली प्रमाण मराठीत अर्थ द्या. पोरं याचं करतात काय तर "धरण निर्मितीनंतर पाटकरी या घटकाचे महत्त्व कमी झाल्याचे निदर्शनास आले". गेला ना जीव त्यातला. संदर्भ द्यायच्या दोन स्टाइल आहेत, एमएलए आणि एपीए. एमएलएमध्ये मुलाखत सूचीत जाते, एपीएमध्ये सहज विचारलेली माहिती फक्त मजकुरात पर्सनल कम्युनिकेशन म्हणून येते, सूचीत नाही, आणि तुमच्या अभ्यासाचा डेटा म्हणूनच घेतलेल्या मुलाखती असतील तर त्यांचं वर्णन पद्धतीच्या प्रकरणात करायचं.

संदर्भांचं लवकर उरकतो कारण यात डोकं लावण्यासारखं काही नाही, फक्त शिस्त आहे. कॉलेजने कुठली स्टाइल सांगितली ती विचारा, एमएलएची सध्याची नववी आवृत्ती २०२१ ची आहे, मजकुरात लेखक आणि पान, एपीएची सातवी २०१९ ची, लेखक आणि वर्ष. दोन्ही मिसळू नका. मागे पंचवीस पुस्तकांची सूची आणि आत एकही संदर्भ नाही, हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो, मजकुरात जे आलं तेच सूचीत आणि सूचीत जे आहे ते मजकुरात कुठेतरी. संदर्भ सांभाळणारं झोटेरो सॉफ्टवेअर फुकट आहे, वर्डला जोडता येतं, टाका. फक्त त्याने वेबसाइटवरून आपोआप उचललेली माहिती एकदा तपासा, मराठी साइटवर लेखकाच्या जागी बऱ्याचदा "अॅडमिन" येतं.

रिपोर्ट कसा वाचायचा हे पण कोणी सांगत नाही, नुसता आकडा बघून घाबरतात. यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत, ते प्रबंध-प्रबंधिकांसाठी, दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, दहा ते चाळीस असेल तर ठरलेल्या मुदतीत सुधारून द्यायचं आणि ती मुदत जास्तीत जास्त सहा महिने, चाळीस ते साठ असेल तर सुधारित प्रत द्यायला एक वर्ष बंदी, साठच्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. बीएच्या प्रोजेक्टला कॉलेज काय मर्यादा लावतं ते तुमच्या विभागात विचारा. त्याच नियमांत हेही आहे की श्रेय देऊन उद्धृत केलेलं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्याची कलमं, हे मोजायचं नसतं, आणि सलग चौदा शब्दांपर्यंतची सर्वसाधारण माहिती किंवा योगायोगाने जुळणारे शब्दही सोडायचे असतात. पण हे वगळण्याचं सेटिंग चेक करणाऱ्याने लावावं लागतं. कधी कधी पस्तीसचा आकडा फक्त सूची वगळली की एकवीस होतो. तेव्हा आधी रिपोर्ट पूर्ण मागा, कुठल्या सोर्सशी किती जुळतंय ते बघा. एकाच सोर्सशी अठरा टक्के आणि अठरा सोर्सशी एकेक टक्का यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पहिलं म्हणजे उचललंय, दुसरं बऱ्याचदा नुसते शब्दप्रयोग असतात.

आणि एकदम नव्वद टक्के आले तर घाबरू नका, आधी विचारा की हीच फाइल आधी कुठे चेक केली होती का. काही ठिकाणी टाकलेली फाइल त्यांच्या डेटाबेसमध्येच राहते आणि दुसऱ्यांदा टाकली की स्वतःशीच जुळते. ग्रुप प्रोजेक्टमध्ये तर चौघांची फाइल एक, पहिला सुटतो, बाकी तिघे अडकतात.

उलट मराठी प्रोजेक्ट असून शून्य टक्के आला तर माझ्या पोटात गोळा येतो. कारण बहुतेक वेळा टायपिंगवाल्याने श्री-लिपी नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप केलेलं असतं. या जुन्या फॉन्टमध्ये दिसतं मराठी पण आत इंग्रजी अक्षरं असतात, मशीनला ते अगम्य वाटतं म्हणून काहीच जुळत नाही. कोणी हुशारी म्हणून हे करत असेल तर सांगतो, युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून परत चेक करायला दोन मिनिटं लागतात. टायपिंगवाल्याला आधीच सांगा की युनिकोड पाहिजे, नाहीतर स्वतः गुगल डॉकमध्ये बोलून टाइप करा, मराठी व्हॉइस टायपिंग चांगलं चालतं, जोडाक्षरं तेवढी तपासा.

आता ज्यांचं सबमिशन उद्याच आहे ते विचारणार की हे सगळं ठीक, पण आज रात्री काय करू. रिपोर्टमधले सगळ्यात मोठे दोन-तीन सोर्स पकडा, बाकी सोडा. त्यांच्यातून आलेले पॅरेग्राफ शोधा आणि शब्द बदलू नका, पूर्ण डिलीट करा. मग न बघता, त्यात काय होतं ते तीन-चार ओळींत लिहा आणि संदर्भ टाका. वीस ओळींच्या जागी चार आल्या तर येऊ द्या. जे वाक्य तसंच ठेवणं गरजेचं आहे, व्याख्या वगैरे, त्याला कोटेशन मार्क आणि पान नंबर. केळीचं पोषणमूल्य, खान्देश नावाच्या पाच व्युत्पत्त्या, तापी नदीची लांबी, हे काढून टाका, त्याचे कोणी मार्क देत नाही. पानं कमी पडली तर गाइडला आत्ताच मेसेज टाका की सर, पस्तीसची तेवीस झाली, चालेल का. माझ्याकडे असाल तर चालतात. फक्त अकराच्या आत मेसेज करा, नंतर मी झोपलेला असतो.